गवताच्या वासाची बाटली

आमच्या पार्ल्याच्या प्रयोगशाळेत एक रीतच आहे: प्रयोग फसला की दोष काच धुणाऱ्याचा. मीही तेच केलं. आता माझाच मला संताप येतो.

काच धुतात रुक्मिणीमावशी. गाव मालवणकडे, राहायला कुर्ल्याला, सासरे गिरणीत होते. एकतीस वर्षं तीच मोरी, तेच फ्लास्क. पुढच्या शुक्रवारी निवृत्त होणार.

माझी पीएचडी जीवाणूंवर. त्यांच्या पेशीला चरबीचं पातळ आवरण असतं. इथेनॉल घातलं की ते बिचारे तग धरायला त्यात वाकड्या रेणूंची चरबी वाढवतात. माझ्याकडे उलटंच, सरळ रेणूंची वाढलेली! तीन महिन्यांची वाट लागली. गाईड सर खेकसले, "हे काय?" मी पटकन म्हणाले, "फ्लास्कला साबण राहिला असेल, सर. त्यानं चरबी बिघडते." झालं. मावशींना मेमो मिळाला.

"पहिलाच हो," एवढंच बोलून त्यांनी कागद पिशवीत ठेवला.

त्याला महिना झाला. काल फ्रीज आवरताना मी एक बाटली उघडली. लेबल ओलं होऊन गळून पडलेलं. मावशी शेजारीच फ्लास्क घासत होत्या.

"हे तुझं गवताच्या वासाचं औषध ना गो? तीन महिने हेच ओतत होतीस."

मी मास्क खाली करून हुंगलं. ताजं कापलेलं गवत! म्हणजे हेक्झेनॉल. हे इथेनॉलपेक्षा लांब साखळीचं अल्कोहोल; ते घातलं की जीवाणू सरळ चरबीच वाढवतात. जीवाणू बरोबर होते. काचही स्वच्छ होती. इथेनॉलची आणि ही, सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या मीच भरून ठेवलेल्या, आणि चुकीची उचललीही मीच.

"मावशी, तेव्हाच का नाही बोललात?"

"मला काय ठाऊक कुठलं ओतायचं ते? शिकलेली तू."

तडक सरांकडे जाऊन मी चूक लिहून दिली. सर डोळे चोळत म्हणाले, "मेमो फाइलला लागला गं. तुझं पत्र त्याच्यामागे लावू." म्हणजे मेमो काही निघत नाही. कसली डोंबलाची फाइल!

परत येऊन मावशींना सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या पदराला हात पुसत होत्या. पेरापेरावर भेगा, दोन बोटं सोलवटलेली.

"साबण राहतो म्हणालीस ना, म्हणून महिनाभर सगळं दोनदा धुतेय," त्या म्हणाल्या. "आता एकदाच धुतलं तर चालेल ना गो?"