अविवाहित असल्याचा दाखला

धुळ्याच्या एका कॉलेजात मी साहाय्यक ग्रंथपाल होते. साहाय्यक म्हणजे ग्रंथपाल साहेब खुर्चीत बसून पेपर वाचायचे आणि बाकी सगळं मी करायचे. मुंबईचा इंग्रजी पेपर आमच्याकडे दुपारून पोचे. तो साहेबांच्या हातून सुटला की शिक्का मारून दांडीला लावणं माझं काम. एकोणनव्वद किंवा नव्वद साल असेल, त्या पेपरच्या आतल्या पानावर एक छोटी चौकट माझ्या नजरेला पडली. राष्ट्रकुलातल्या तरुणांना विलायतेत दोन वर्षं राहता येतं, असं तिच्यात लिहिलं होतं. वय सत्तावीसच्या आत हवं. तिकडे हिंडायचं आणि हिंडण्यापुरती लहानसहान कामं करायची. या प्रकाराचं नाव होतं ‘कामाची सुट्टी’.

मी पंचवीस वर्षांची होते. पेपरला कात्री लावणाऱ्या पोरांना मी दंड करत असे, आणि मीच कात्रीने ती चौकट कापली आणि पर्समध्ये टाकली.

लोक विचारायचे, लंडन बघायची एवढी हौस का? लंडनचं मला काहीच नव्हतं. मला धुळं बघायचं नव्हतं. सकाळी दहाला तीच गल्ली, तीच खुर्ची, ‘यंदा तरी लाडू मिळतील का?’ विचारणारी तीच तोंडं. यातून निघायला दुसरी एखादी वाट दिसली असती तर मी तिने गेले असते. मला दिसली ती चौकट.

घरात आम्ही चौघं. वडील प्राथमिक शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळा गाव नाना म्हणे, म्हणून मीही नानाच म्हणायचे. आई, जी घरात सर्वांत कमी बोलायची. आणि अक्का, नानांची थोरली विधवा बहीण, शिंदखेड्याहून आमच्याकडे राहायला आलेली. मी चौकट वाचून दाखवली. अक्काने लसूण सोलता सोलता विचारलं, “काम करनं शे, तं मंग सुट्टी कसानी वं?”

“तुला नाही समजायचं, अक्का,” नाना म्हणाले.

समजलं त्यांनाही नव्हतं. ‘विलायत’ हा शब्द ऐकल्यावर पुढचं त्यांनी ऐकलंच नव्हतं. विलायतेला जाऊन शिकून येणं ही आमच्या बौद्ध वस्तीत काय गोष्ट आहे, ते मी सांगायला नको. भिंतीवरच्या तसबिरीकडे बघून नाना त्या दिवशी दोनदा चष्मा पुसायला उठले. तिकडे मी हॉटेलात कपबशा विसळणार आहे, हे मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली होती. आमच्या घरात मान हलवण्याचा अर्थ ‘ऐकलं’ असा कधीच नव्हता.

मी मागवलेला कोरा अर्ज आला. अर्जदार अविवाहित असावा, अशी त्यात अट होती, आणि तसा पुरावा जोडायचा होता. ज्या गोष्टीसाठी मला गेली पाच वर्षं सारा गाव टोचत होता, ती आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी पात्रता म्हणून छापलेली होती. मी तहसील कचेरीत गेले. दाखल्यांच्या टेबलावरचे कारकून पन्नाशीचे, केसांना कलप, कानात अत्तराचा बोळा.

“लग्नाचा दाखला मिळतो,” ते म्हणाले. “न झालेल्या लग्नाचा कसा देणार?”

“मग माझं लग्न झालेलं नाही हे तिकडच्या सरकारला कसं कळणार?”

“ताई, ते तर सगळ्यांना कळतं. त्याला दाखला कशाला?”

आजूबाजूची टेबलं हसली. मी तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी तोडगा काढला: स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र करा, दोन प्रतिष्ठित नागरिकांच्या सह्या आणा, मग साहेब शिक्का देतील. माझं लग्न झालेलं नाही, हे शपथेवर सांगायला दोन पुरुष हवे होते. माझी स्वतःची शपथ पुरत नव्हती. एका प्रतिष्ठिताने मुकाट्याने सही केली. दुसऱ्याने आधी विचारलं, “का झालं नाही म्हणे?” आणि उत्तर मिळेपर्यंत पेनाचं टोपण काढलं नाही. मी म्हटलं, “तुमच्यासारखा कुणी भेटला नाही.” त्यांना ते कौतुक वाटलं. सही झाली.

आठ दिवसांनी ते कारकून आमच्या घरी आले, सोबत त्यांचा भाऊ. ते आमच्याच समाजातले निघाले. त्यांचा पुतण्या चाळीसगावला नोकरीला होता. कारकुनांनी खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर माझं वय, शिक्षण, पगार, जन्मगाव, सगळं व्यवस्थित उतरवलेलं. माझ्याच प्रतिज्ञापत्रावरून.

“चौकशीची गरज नाही नाना,” ते म्हणाले. “पोरगी अविवाहित आहे, हे सरकारी शिक्क्यानिशी आमच्याकडे आहे.”

नानांना राग यायला हवा होता. त्यांनी चहा सांगितला. “ती परदेशी चालली आहे,” एवढं मात्र ते म्हणाले, आणि ते ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता. शाळा तपासायला अधिकारी येत तेव्हा ते असे बोलत असावेत.

“मग परत आल्यावर बघू,” कारकून म्हणाले. “तोवर मुलगा थांबेल.” मुलगा थांबला नाही, दोन महिन्यांत त्याचं एरंडोलला जमलं. मला त्याची पत्रिकाही आली.

मुंबईच्या वकिलातीतून मुलाखतीची तारीख आली तेव्हा कुणीतरी सांगितलं, जळगावला एक सर आहेत, ते तयारी करून घेतात. दोन रविवार मी एस.टी.ने जळगावला गेले. स्टेशनजवळच्या एका माडीवर त्यांचा इंग्रजी बोलायला शिकवण्याचा वर्ग होता आणि पाटीवर नावाखाली ‘विलायत रिटर्न’ असं रंगवलेलं. तिकडे कुठे राहिलात, असं मी विचारलं तर म्हणाले, “तिकडेच.” माझ्या समजुतीने ते मुंबईच्या विमानतळापर्यंत गेले असावेत, आणि तेही कुणाला तरी पोचवायला.

“काम हा शब्द काढायचाच नाही,” त्यांनी बजावलं. “छंद सांगा. छंद काय तुमचा?”

“वाचन.”

“वाचन इथेही होतं. पक्षी सांगा. तिकडच्या लोकांना पक्षी आवडतात.”

आणि मी, जिने आयुष्यात हाकलण्याखेरीज पक्ष्याकडे पाहिलं नव्हतं, पक्षीनिरीक्षणावर इंग्रजी वाक्यं पाठ केली. मला त्या सरांची चीड येते त्याहून ती पाठ करणाऱ्या मुलीची जास्त येते.

मुंबईला जायच्या आधीच्या रविवारी विहारात माझा सत्कार झाला. व्हिसा नव्हता, तिकीट नव्हतं, मुलाखतही व्हायची होती. पण आमच्याकडे माणूस पोचल्यावर सत्कार करायची पद्धत नाही. तोवर कुणाला काय माहीत, तो पोचेल की नाही. अध्यक्षांनी शाल घातली, पुष्पगुच्छ दिला आणि भाषणात म्हणाले, “आपल्या वस्तीची कन्या उच्च शिक्षणासाठी परदेशी प्रस्थान करीत आहे.”

मी नानांकडे पाहिलं. नाना छताच्या पंख्याकडे बघत होते. म्हणजे हे त्यांनीच सांगितलं होतं. मला उठून बोलायला सांगितलं. समोर बायका मुलांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, “सर्वांचे आभार.” आणि बसले. खोटं बोलायला नानांना धैर्य लागलं असेल. मला तेवढंही लागलं नाही.

वकिलातीतला अधिकारी माझ्याहून लहान होता, उन्हाने कान लाल झालेला. शेजारी कडक इस्त्रीच्या सुती साडीत दुभाष्या बाई. मी दुभाषी नको म्हटलं. त्याने विचारलं, तिकडे काय करणार? मी संग्रहालयं सांगितली, बागा सांगितल्या, पक्षी सांगितले.

“कोणते पक्षी?”

“सगळे,” मी म्हणाले.

त्याने लिहिलं. मग विचारलं, “यापूर्वीची सुट्टी कुठे घालवली?”

या प्रश्नाची तयारी सरांनी करून घेतली नव्हती. मी खरं सांगितलं. उन्हाळ्यात शिंदखेड्याला गेले होते, पापड आणि कुरडया करायला. दुभाष्या बाईंनी न विचारता मदत केली आणि कुरडई म्हणजे काय ते त्याला समजावलं.

“म्हणजे तेही कामच,” तो म्हणाला. “निव्वळ सुट्टी अशी कधी घेतली?”

मला आठवेना. खरंच आठवेना. ताप आला होता तेव्हा नऊ दिवस घरी होते, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

त्याला माझी कीव आली असावी, कारण तो मोकळा झाला. त्याने स्वतः अशीच सुट्टी ऑस्ट्रेलियात घेतली होती. तीन महिने मळ्यात द्राक्षं तोडली. आयुष्यातले सर्वांत सुंदर दिवस, म्हणाला. त्याने ते चांगल्या मनानेच सांगितलं. पण माझं टाळकं फिरलं.

“आमच्याकडे सावद्याला माणसं दिवसभर केळीचे घड वाहतात,” मी म्हटलं. “खांद्याची सालं निघतात. त्यांना कळवते मी, की ती सुट्टी असते.”

दुभाष्या बाई खोकल्या. तो कागदावर लिहू लागला. दुपारी पत्र हातात आलं. अर्जदार सुट्टी घालवण्याच्या खऱ्या हेतूने येत आहे, अशी खात्री पटत नाही. मुदत संपल्यावर ती परत जाईल, अशीही पटत नाही. दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. सगळ्या प्रकारात माझ्याबद्दल अचूक बोललेलं तेवढं एकच माणूस भेटलं, आणि त्याने मला दारातून परत पाठवलं. धुळ्याच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, “कोण वारलं, माय?” मी म्हटलं, “कुणी नाही.” तो म्हणाला, “मग कशाला रडतेस?” आणि झोपला.

नानांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून वस्तीत बातमी फिरू लागली की माझं ॲडमिशन पुढच्या टर्मला ढकललं गेलं आहे. पुढच्या रविवारी विहारात अध्यक्षांनी सर्वांदेखत मला विचारलं, “मग कोणत्या महिन्यात निघणार?”

मी उभी राहिले. “व्हिसा नाकारला,” म्हटलं. “आणि मी शिकायला जात नव्हतेच. तिकडे हॉटेलात कपबशा विसळायला जाणार होते.”

मागे बसलेल्या बायका हसल्या. त्यांतल्या निम्म्या दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत, आणि त्यासाठी कुणी शाल घालतं हे त्यांना नवीन होतं. त्यांचं हसणं मला तेव्हा फार लागलं. आज वाटतं, त्या हॉलमध्ये खरं कळलं ते त्यांनाच.

नाना माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. एकाच खोलीत बसून ते अक्कामार्फत निरोप देत. “तुना बाप ईचारस, पेपर कोठे शे,” अक्का म्हणे, आणि मी अक्काला सांगे, आणि नाना माझ्यासमोरून उठून पेपर घेत. नवव्या दिवशी अक्काच कंटाळली. “तुमी बठ्ठा शिकेल लोक,” ती म्हणाली, “आनि निरोप मी आडानीनं देवो का?” आणि ती उठून मागच्या अंगणात गेली.

मग नाना बोलले. “खोटं मी बोललो होतो. ते चारचौघांत उघडं करायची काय गरज होती?”

“खोटं तुम्ही बोललात, पण शाल मी घेतली.”

“मग शाल परत कर.”

मी केली. अध्यक्षांनी आधी नको नको म्हटलं, मग घेतली. पुढच्या महिन्यात दहावीत पहिल्या आलेल्या एका मुलीच्या खांद्यावर मला ती दिसली. काठावरचा चहाचा डाग माझा होता.

वर्षभराने जळगावच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची जागा निघाली. मी अर्ज केला आणि लागले. धुळ्याहून जळगाव दोन-अडीच तासांवर, पण विलायतेला जाताना ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांतल्या एकूण एकाने जळगावला एकटीने राहण्याला नाक मुरडलं. सत्काराचं तर कुणी नावच काढलं नाही. खोली मिळायला दीड महिना लागला. घरमालक आडनाव विचारत, मग सोबत कोण राहणार ते विचारत, मग खोली नुकतीच गेल्याचं सांगत. एका घरमालकाला बहुधा विचारायचा कंटाळा होता. त्याने किल्ली दिली.

पहिल्याच रविवारी नाना आले. हातात पिशवी, तिच्यात आईने दिलेलं ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ आणि ठेचा. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, खिडकीची कडी लावून काढून बघितली, नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं.

“पाणी किती वाजता येतं?”

“पहाटे साडेचारला. अर्धा तास.”

“मग चारला उठावं लागत असेल.”

“लागतं.”

नाना खुर्चीत बसले. खोलीत एकच खुर्ची होती, म्हणून मी खाली बसले आणि पिशवी सोडली.