कॅचरच्या पाठीमागे

बावीस वर्षं फौजेत काढली. इंजिनिअर्समधून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि नव्वदच्या दशकात बहारीनला एका जपानी कंपनीच्या वर्कशॉपवर सिक्युरिटी सुपरवायझर झालो. राहायला उम्म अल हस्सम. हाताखाली नऊ गार्ड, हातात साधा दंडुकाही नाही. पहिलं वर्ष चैन पडेना. पहाटे चारला उठून बसायचो आणि फॉलिन, म्हणजे हजेरीची रांग, नाही म्हणून स्वतःवरच चिडायचो.

शुक्रवारी सुट्टी. सखीरकडच्या मोकळ्या मैदानावर आमचे जपानी आणि अमेरिकन नौदलाचे खलाशी बेसबॉल खेळत. एरवी हे दोन गट एकमेकांकडे बघतसुद्धा नसत. अंपायर त्रयस्थ हवा म्हणून मला धरलं. नियम मी महिनाभरात पाठ केले.

जपान्यांचा कॅप्टन ओकादा. वेल्डिंगचा फोरमन, पंचेचाळिशीचा. तो कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर; अंपायर त्याच्याच पाठीशी वाकून उभा राहतो. अमेरिकनांचा कॅप्टन मिलर, त्याला सगळे चीफ म्हणत. ओकादाचं इंग्लिश बेताचं, चीफचं जपानी शून्य. तरी चेंडू कसा पकडायचा यावर दोघे बोटांनी तासभर वाद घालत आणि हसत सुटत. मला त्यांचा हेवा वाटायचा. माझ्याशी तिथे एवढं कोणी बोलत नव्हतं.

जूनचा तो शुक्रवार. खेळ नेहमी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत. पण चीफचं जहाज दुसऱ्या दिवशी निघणार होतं, शुक्रवारी सकाळी त्यांना ड्यूटी होती. म्हणून १३०० वाजता सुरू केला. १५४० ला नऊ इनिंग संपल्या. चार-चार.

ओकादाने मास्क वर केला. "ड्रॉ. गुड." त्यांच्याकडे बरोबरी चालते.

"नो ड्रॉ," चीफ म्हणाला. "टुमॉरो वुई गो. समबडी हॅज टू विन."

ओकादाने मान हलवली. निघालेल्या पाहुण्याला नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

दहावी इनिंग. मी वाकलो तेव्हा त्याची मान माझ्यापासून हातभर अंतरावर होती. बाकी सगळे घामाने निथळत होते. ती मान लाल होती आणि कोरडी होती. राजस्थानात मी हे पाहिलं होतं. घाम थांबला की फार वेळ उरत नाही.

"ओकादा-सान, ओके?"

"ओके. वन मोअर."

आमच्या बसचा ड्रायव्हर राणे, चिपळूणचा, सावलीतून ओरडला, "कांबळे, खलास करा आता! माणूस मरेल अशानं!"

खेळ थांबवायचा अधिकार एकट्या माझा होता. मला ते ठाऊक होतं. पण दोन्ही कॅप्टन खेळा म्हणत होते, आणि कॅप्टनच्या शब्दापुढे माझी जीभ कधी उचललीच नव्हती. एवढी इनिंग संपू दे, असं ठरवलं. चार चेंडूंनंतर ओकादा पुढे कोसळला.

"आइस! ऑल ऑफ इट!" चीफने कोल्ड्रिंकची बर्फाने भरलेली अख्खी पेटी त्याच्या अंगावर उपडी केली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. अ‍ॅम्ब्युलन्स १६२० ला आली. १९१० ला हॉस्पिटलमध्ये ओकादा गेला.

दुसऱ्या दिवशी ०५०० वाजता चीफ आमच्या गेटवर आला. डोळे सुजलेले. त्याने स्कोअरशीट मागितली.

"ड्रॉ. राइट इट, अंप."

मी लिहिलं. त्याने सही केली आणि जहाजावर गेला.

चौथ्या दिवशी ओकादाची बायको जपानहून आली. तिने दुभाष्यामार्फत विचारलं, त्यांच्या सर्वांत जवळ कोण होतं? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ती माझ्यापुढे कमरेपर्यंत वाकली. दुभाष्या म्हणाला, "मॅडम म्हणतात, ते एकटे नव्हते. तुम्ही पाठीशी होता. त्या आभारी आहेत."

"येस, मॅडम," एवढंच मी बोललो. मान कोरडी होती आणि मी ती पाहिली होती, हे तिला सांगितलं नाही.

युनिटमधले माझे पाच जण लढाईत गेले. त्यांची नावं मी रोज सकाळी घेतो. शेवटी ओकादाचं घेतो, आणि त्याची तेवढी माफी मागतो.