गव्हावर कर्ज नाही

बँकेच्या त्या शाखेचं नाव निघालं की माझं डोकं अजून तापतं. बायको म्हणते, सोडा आता, किती वर्षं झाली. नाही सोडत.

पुलगावात कापडाची गिरणी बंद पडली तेव्हा माझा थोरला भाऊ तिथं कामाला होता. नंतर तो मिळेल ते काम करत फिरला, पण घर चालवलं वहिनीनं. लग्नाच्या रुखवतात मांडायला ती शेवया, कुरडया आणि सरगुंडे करून द्यायची. सरगुंडा म्हणजे बन्सी गव्हाच्या कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, काडी अलगद ओढून घ्यायची आणि ती पोकळ गुंडाळी उन्हात वाळवायची. उन्हाळ्यात आमच्याकडे ते आमरसासोबत खातात. रुखवतातले सरगुंडे चांगले नसले तर वरपक्षाच्या बायका एक उचलून पाहतात, मोडतात आणि काही न बोलता ताटात ठेवतात. ते न बोलणं मुलीच्या आईला वर्षभर पुरतं. वहिनीचे सरगुंडे कुणी असे ठेवले नाहीत. गल्लीतल्या चारदोन बायका तिच्या हाताखाली होत्या, अंगणभर खाटांवर माल वाळत असायचा.

अडचण एकच होती. बन्सी गहू होळीच्या आगेमागे स्वस्त मिळतो, तेव्हाच मोसमाचा भरून ठेवावा लागतो. पैसे मात्र लग्नं उरकल्यावर हातात येतात. गिरणी चालू होती तोवर किराणावाला दादाच्या पगाराच्या भरवशावर पोती उधार द्यायचा. पगार गेला, उधारीही गेली. त्याला तरी काय बोलणार? अर्ध्या गावाची उधारी त्याच्या अंगावर पडली होती.

तेवढ्यात कळलं की घरी बसलेल्या कामगारांच्या कुटुंबांना धंद्यासाठी कर्ज मिळणार. मी वर्ध्यात सरकारी कारकून, शेजारच्या सिंदी मेघेत राहणारा, पगार पक्का, म्हणून जामीनदार मीच. वहिनीला घेऊन बँकेच्या वर्ध्याच्या शाखेत गेलो. साहेबांनी चहा पाजला, ते नाकारत नाही. मग विचारलं, मशीन कोणतं घेणार? वहिनी म्हणाली, मशीन नको, गव्हाला पैसे पाहिजेत. साहेब हसले.

"गव्हावर कर्ज देता येत नाही, ताई. मशीन उद्या उचलून तरी आणता येतं. गहू तुम्ही खाऊन टाकलात, तर बँकेनं काय करायचं?"

खाऊन टाकलात! वर्षानुवर्षं गावाच्या लेकींची रुखवतं सजवणाऱ्या बाईला हा माणूस हे सांगत होता, तेही हसून. वहिनी जायला उठली. मग साहेबांनी समजूत काढली. मशीन घ्या, हप्ते नीट भरा, पुढच्या वर्षी खेळत्या भांडवलाचं बघू. त्या पुढच्या वर्षाच्या आशेवर तिनं मशीन घेतलं.

कर्जाचा चेक परस्पर डीलरच्या नावानं निघाला, आम्ही तो पाहिलासुद्धा नाही. शेवया आणि सरगुंडे दोन्ही करणारं मशीन म्हणे. हार घातला, नारळ फोडला. पहिल्याच दिवशी लोडशेडिंग सुरू झालं आणि तेव्हा आमच्याकडे वीज गेली की दिवसच घेऊन जायची. वीज असायची तेव्हा त्यातून सरळसोट नळ्या पडायच्या. शिजवल्या की त्यांची पेज व्हायची. केळझरकडच्या एका मुलीच्या आईनं लग्नाच्या तोंडावर सगळा माल परत पाठवला. निरोप एवढाच होता की हे सरगुंडे नाहीत. खोटं काय होतं त्यात?

हप्ता मात्र दुसऱ्याच महिन्यापासून सुरू. लग्नसराईला अजून किती वेळ आहे हे बँकेला कोण सांगणार? वहिनी पुन्हा काडीवर आली, पण गहू किरकोळीत, महाग घ्यावा लागला. हप्ते थकले. खेळत्या भांडवलाचं विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, आधी जुनं कर्ज नियमित करा. माझ्या पगारातून कपात सुरू झाली. मला त्याचं काही वाटलं नाही, वहिनीला वाटलं. सणावारालाही ती आमच्याकडे येईनाशी झाली. तिच्या हाताखालच्या बायका एकेक करून गेल्या.

त्याच सुमाराला वर्ध्यातल्या एका व्यापाऱ्यानं रुखवताचा धंदा काढला. पाकिटावर 'घरगुती' असं छापलेलं. बँकेतला एक ओळखीचा कारकून सहज बोलून गेला की ह्या शेटजीच्या गोदामात बन्सी गव्हाची थप्पी लागली आहे आणि त्याच गव्हावर आपल्याच शाखेनं त्याला कॅश क्रेडिट, म्हणजे खेळतं भांडवलच, दिलंय.

मी तसाच उठून साहेबांकडे गेलो. साहेब आता नवे होते. त्यांनी शांतपणे समजावलं, शेटजींची गावात इमारत आहे, ती तारण आहे.

"म्हणजे इमारत असली की माणूस गहू खात नाही?" मी विचारलं.

आवाज खाली ठेवा, म्हणाले. आणि तुमच्या जामीनकीचा हप्ता वेळेवर जातोय ना, तेही बघा.

वहिनी सकाळच्या गाडीनं वर्ध्याला शेटजीकडे रोजानं जायला लागली. तिच्या जुन्या बायकाही तिथंच होत्या. तीच काडी, तेच हात. फक्त माल शेटजीचा. कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला त्या वर्षी मी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले आणि होळीच्या आधी तिच्या घरी गेलो. म्हटलं, वहिनी, ह्याला व्याज नाही, साहेब नाही, जामीन नाही. यंदाचा गहू भरा.

तिनं पैशांचं पाकीट उघडूनही पाहिलं नाही. माझ्याकडे सरकवलं.

"आता नको भाऊजी. गहू घेतला तं घरी बसा लागन, माहा रोज बुडन. शेटजीनं पुढच्या सालीबी येजो म्हणून सांगतलं."

हे सांगताना ती खूश होती. मला सगळ्यात जास्त राग तिच्या त्या खुशीचा येतो.