तोफेच्या ओट्यावरची मळणी

देवगाव फाट्याकडच्या आमच्या माळावर लढाईच्या काळात संस्थानच्या लष्कराने विमानं पाडायची तोफ बसवली होती. पुढे संस्थान विलीन झालं, तोफ उचलून नेली. सिमेंटचा गोल ओटा, भोवतीची कमरेएवढी भिंत आणि मधोमध वर आलेले लोखंडी बोल्ट तेवढे आमच्या गळ्यात टाकून गेले. मला ते डोळ्यांसमोर नको होतं. तिथं नांगर चालत नाही, गवत उगवत नाही, नुसती सापांची सोय.

मालक वारल्यावर वाटण्या झाल्या. ओटा धाकट्या दिराकडे गेला आणि बैलजोडी फुटून एकेक बैल दोघांकडे आला. एका बैलावर शेती होत नाही, म्हणून सावड ठरली: त्याच्या कामाला माझा बैल, माझ्या कामाला त्याचा.

दिराने ओट्याचं खळं करायचं काढलं. मी बजावलं, "भावजी, आधी बोल्ट छाटून घ्या."

"लयच भेता वैनी तुमी. सारवलं की झालं."

जाऊबाईंनी शेणमातीचे थर देत बोल्ट पार बुजवले. वर रांगोळी काढली. बोल्टांच्या मधोमध ओट्याला भोक होतं, त्यात बैल बांधायचा तिवडा उभा केला. त्या तिवड्याला लागून माझा बैल, बाहेरून त्याचा, अशी ज्वारीची मळणी सुरू झाली. दुपारपर्यंत खुरांनी थर उकलला. वरून कणसं पसरलेली, कुणाला काय दिसणार? बोल्ट माझ्या बैलाच्या खुराच्या बेचक्यात घुसला. तो हंबरून खाली बसला तो बसलाच.

"बैलच आंधळा तुमचा," दीर म्हणाला.

जाऊबाई कंबर कसून आल्या. "माझ्या सारवण्याला नाव ठेवायचं न्हाई, बाई!"

मी एवढंच विचारलं, "पेरणीला तुमचा बैल देताव का?"

"आन् मी काय गाढव जुंपू?"

"जुंपा. शोभतंय तुमाला." मी त्याच्या बैलाचं दावं सोडलं.

त्याने काठी उगारली. "वैनी, दावं ठिवा!"

"मारा. सगळे गडी बघायलेत."

काठी खाली आली नाही. मी बैल घेऊन घरी आले आणि माझ्या गोठ्यात बांधला.

पंचांनी बोलावलं. तिथंही मी सांगितलं, माझा बैल ज्या दिवशी औताला चालेल त्या दिवशी ह्यांचा घेऊन जा. माझा पुन्हा चालला नाही. त्याचा मी दिला नाही.