यादीत नसलेला प्रश्न

सिडनीतील पॅरामॅटाच्या आमच्या ऑफिसात भरतीचे काम पाहणाऱ्या मराठी बाई अर्जांवरील आडनावे काळ्या शाईने झाकूनच आम्हा परीक्षकांपुढे ठेवतात. एरवी कोणाच्याही चुकीवर त्या ‘नो वरीज’ म्हणतात.

एकदा नागपूरच्या एका मुलीने मुलाखतीत चोख उत्तरे दिली. ती उठताना मी सवयीने मराठीत विचारले, “आडनाव काय तुमचं?” तिचा चेहरा उतरला.

बाईंनी पेन खाली ठेवले. “काका, हा प्रश्न यादीत नाही.”

“अहो, सहज विचारलं.”

“सहजच विचारतात. मग जात कळते आणि मार्क बदलतात.”

मी आधी दिलेले गुण तसेच ठेवले. मुलीची निवड झाली.

पुढच्या मुलाखतीच्या वेळी फक्त माझ्या यादीखाली बाईंच्या अक्षरात एक मराठी ओळ होती : ‘आडनाव विचारू नये.’ ती ओळ अजून आहे. ती काढा, असे मी म्हटलेले नाही.