कोरडं मूळ

बोर्ली पंचतन गावात रस्ता रुंदीकरणाविरुद्धच्या अर्जावर मी सह्या गोळा करत होते. मुदत त्याच दिवशी चारपर्यंत. घरं जाणार आणि लोक झोपलेले, याच रागात फिरत होते. शेवटच्या घरी एक काकी ओट्यावर ऑर्किडच्या कुंड्या बदलत होत्या. रुंदीकरणात तो ओटाच आधी जाणार होता. कुंडीबाहेर लोंबणारी हातभर लांब, राखाडी मुळं त्यांनी बादलीत भिजत घातली होती.

"काकी, सही करा पटकन. आणि एवढी मुळं कापून का टाकत नाही?"

"जिती हायत ती. हवेतलं पाणी पितात. भिजली की कुंडीत वळवायची."

मला कुठला धीर! शेजारच्या कुंडीतलं एक कोरडं मूळ मीच वळवायला गेले. काडकन मोडलं.

काकी ओरडल्या नाहीत. "सुकं वळत न्हाय, पोरी. बस." हात पदराला पुसून त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून अर्ज वाचायला घेतला. बाकी सगळ्यांनी न वाचता सही केली होती, यांनाच काय हौस!

बोट थांबलं. "ह्यात आमचं गाव कुठंय? हे तर शेजारच्या गावाचं नाव."

शेजारच्या गावासाठी केलेल्या जुन्याच मजकुरावरून मी अर्ज छापले होते, नाव बदलायचं राहिलं. पिशवीतल्या सगळ्या सह्या फुकट.

बादलीतली मुळं एव्हाना हिरवी, लवचीक झाली होती. काकींनी पेन पुढे केलं. "नाव सुधार. पैली सही माझी."

कोऱ्या अर्जावर नाव सुधारून मी काकींची सही घेतली, तेव्हा दोन वाजले होते. मी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली, आणि या वेळी प्रत्येकाला आधी वाचायला लावलं.