तेयोची गुलाबी नखं

तेयोला पाठमोरा मी जितका पाहिलाय तितका त्याच्या आईनंही पाहिला नसेल. आमच्या बेसबॉलच्या मैदानावर कॅचरच्या मागे जाळी आणि जाळीला लागून माझी कढई. बावीस वर्षं मी तिथं कॉड माशाची भजी तळतेय आणि बावीस वर्षं तो माझ्यापुढे उकिडवा बसलाय. त्याच्या हातून सुटलेला चेंडू माझ्यापर्यंत आलाय, असं मला तरी आठवत नाही. बोटं इतक्यांदा मोडलीत की हात कसला, आल्याचा गड्डा! बॅट मात्र केरसुणीसारखी धरतो. खोटं कशाला बोलू?

म्हणूनच यंदा प्रशिक्षक फुंदादोरनं त्याला बाकावर बसवला. "चेंडू अडवून कुणी जिंकत नाही, धावा काढून जिंकतात. तुझ्या जागी यादिएल खेळेल. अंतिम सामना झाला की जर्सी परत दे."

"बरं," तेयो म्हणाला. तो एवढंच बोलतो. बाकीचं त्याच्या वाटणीचं मी बोलते. मी फुंदादोरला आठवडाभर थंड भजी दिली. त्यात अंतिम सामन्यानंतरच्याच रविवारी फुंदादोरच्या नातवाचा बाप्तिस्मा, आणि धर्मपिता ठरलेला तेयोच!

अंतिम सामन्यात शेवटच्या डावाला आम्ही एका धावेनं पुढे. सूर्य बुडालेला, खांबावरचे निम्मे दिवे मेलेले. कोणता चेंडू टाकायचा ते कॅचर मांड्यांच्या मध्ये बोटं धरून सांगतो. आमच्या पिचरला, ओनिक्सला, ती बोटं दिसेनात. चष्मा लावला तर पोरी बघणार नाहीत ना! तो टाकायचा एक, यादिएल वाट बघायचा भलत्याचीच. दोन चेंडू सुटले, त्यातला एक जाळीखालून थेट माझ्या पिठात. समोरच्यांचा गडी तिसऱ्या तळावर येऊन उभा, आणखी एक तळ गाठला की धाव.

"तेयो!" फुंदादोर ओरडला.

छातीवरचे पट्टे आवळत तेयो आधी माझ्याकडे आला. माझ्या लेकीचाही तो धर्मपिता, म्हणून मला कोमाय म्हणतो.

"कोमाय, नखांना लावायचं काही आहे?"

"आत्ता? नवरी होऊन बसणारेस की काय?"

"पोराला बोटं दिसत नाहीत. आण लवकर."

पर्समध्ये पांढरी बाटलीही होती. पण बावीस वर्षांनी आलेली संधी कोण सोडेल? मी भडक गुलाबी काढली. त्यानं जाळीतून बोटं बाहेर काढली, मी रंगवली.

"पायांचीही रंगव गं!" मागून कुणीतरी ओरडलं.

एकच गडी बाद करायचा राहिला होता, आणि त्याच्याही दोन चुका झाल्या होत्या, तिसरी झाली की बाद. तेयो बसला. ओनिक्सनं पहिल्याच खुणेला मान डोलावली. चेंडू आला, फलंदाजानं हवेत बॅट फिरवली, पण चेंडू मातीत आपटून उसळला, आणि असा चेंडू फलंदाजाला टेकवल्याशिवाय तो बाद होत नाही. सुटला असता तर बरोबरी! तेयोनं छाती पुढे घातली आणि कोंबडी अंड्यांवर बसते तसा त्याच्यावर बसला. मग सावकाश उचलून फलंदाजाला टेकवला. जिंकलो!

रविवारी चर्चमध्ये त्याच बोटांत मेणबत्ती. रंग काढायचं औषध माझ्याकडे होतं, पण त्यानं मागितलं नाही.

"हे काय, तेयो?" पाद्रीबाबा.

"खेळ, बाबा."

फुंदादोर नातवाला सावरत पुटपुटला, "जर्सी धुऊन ठेव. पुढच्या वर्षी लागेल."

"बरं," तेयो म्हणाला. मग माझ्याकडे किंचित झुकला. "कोमाय, बाटलीत थोडं उरलंय ना?"